पाच मायक्रॉनची तार
एरोस्पेसमधल्या पीएचडीवर आलेल्या लेखात ‘एरोस्पेसमध्ये पीएचडी केली की इस्रोचं दार उघडलंच’ असं म्हटलंय, ते वाचून हसू आलं. इस्रो सायंटिस्ट-इंजिनिअर ‘एससी’ या सुरुवातीच्या पदावर (‘एससी’ हे पदाचं नाव, आरक्षणाचा प्रवर्ग नव्हे) बी.ई., बी.टेक. झालेली मुलं घेते, त्यातही मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरची जास्त. तेवढ्यासाठी पाच-सहा वर्षं घालवायची गरज नाही. मी स्वतः मेकॅनिकलचा. गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन एरोस्पेसला गेलो आणि विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडून प्रयोग करायच्या बोगद्यात, अडकलो, अगदी आनंदाने.

तिथे हॉट-वायर नावाचं एक प्रकरण असतं. टंगस्टनची पाच मायक्रॉन जाडीची तार, केसापेक्षा कितीतरी बारीक. वीज सोडून ती तापवायची. वारा तिला किती गार करतो त्यावरून वेग काढायचा. धुळीचा एक कण आदळला की तार तुटली! पहिल्या महिन्यात मी चार तोडल्या. नवी येईपर्यंत कॅलिब्रेशनच्या, म्हणजे तारेचं माप वेगाशी जुळवून घेतल्याच्या, जुन्या फाइली चाळत बसायचो.

पैशांचं म्हणाल तर २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप, महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,०००. एकट्याचं भागतं. पण आमची फेलोशिप कधीकधी तीन-तीन महिने रखडायची, तेव्हा मेसवाल्या काकांची उधारीच कामी आली.

संशोधन आपल्याला जमेल का याची आधी खात्री करायची असेल तर बंगळुरूच्या आयआयएससीत (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) एम.टेक. रिसर्च हा संशोधनावर भर असलेला अभ्यासक्रम आहे, तो बघा. आणि विद्यापीठाच्या नावापेक्षा गाइड कोण आहे ते आधी पाहा. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा, खरं काय ते तेच सांगतील.