वडा नक्की कोणाचा?

जर्मनीत शिकायला होतो तेव्हा होस्टेलच्या कॉमन किचनमध्ये दर रविवारी एकाने आपल्या देशाचं जेवण घालायचं असं ठरलेलं, आणि माझी पाळी आली तेव्हा मी छाती फुगवून सांगून टाकलं, वडापाव. दादरचा माणूस दुसरं काय सांगणार, १९६६ साली आमच्याच स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी पहिली गाडी लावली म्हणतात, म्हणजे अगदी घरचंच कार्य ना!

फोन मिठाच्या बरणीला टेकवून आईला व्हिडिओ कॉल लावला. मी पाचला बटाटे उकडायला ठेवले तेव्हा दादरला साडेआठ, म्हणजे तिच्या मालिकेची वेळ, त्यामुळे सूचना फक्त जाहिरातीत. "हिंग घाल रे, नाहीतर रात्री पोरं फुगतील."

वडे वाढले आणि मी भाषण ठोकलं, की हे शंभर टक्के मुंबईचं.

पेरूची पोरगी म्हणाली, बटाटा आमचा, आमच्या डोंगरात हजारो जाती आहेत. पोर्तुगालवाला उडालाच, "बटाटा? आम्हीपण बटाटाच म्हणतो! आणि पावसुद्धा आम्हीच नेला तुमच्याकडे." मेक्सिकोवाल्याने तळलेली मिरची उचलून नुसती कपाळाला लावायची बाकी ठेवली, इतका तो आपल्या मातीतला माल बघून हळवा झाला. म्हटलं चला, बेसन तरी आपलं. तर तुर्की पोरगा शांतपणे म्हणाला, हरभऱ्याची शेती पहिल्यांदा आमच्याकडे झाली. इराणच्या मुलीने हिंगाची डबी हुंगली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, हे आमच्याकडे उगवतं पण आम्ही फारसं खात नाही, तुम्हालाच विकतो.

माझ्याकडे उरली चिमूटभर हळद. तीही आईने सांगितल्यापेक्षा जास्त पडलेली.

आईला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, सगळ्यांना आपापल्या घरचं मिळालं." आणि मालिका परत सुरू झाली म्हणून फोन ठेवला.

शेवटचा वडा मालकी हक्काने पोर्तुगालने खाल्ला. खाली बेसन करपून चिकटलेली कढई मात्र कुठल्याच देशाची निघाली नाही, ती मी रात्री साडेअकरापर्यंत घासत होतो.