इंग्रजीत लिहिलं नाही म्हणून कोण अडलं?

साहित्याच्या गप्पांत, नव्या लेखकांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांत आणि व्हॉट्सॲपवर पुढे ढकलल्या जाणाऱ्या मजकुरात एक विधान सतत भेटतं : आशियातल्या लेखकाला जगात नाव करायचं असेल तर त्याने इंग्रजीतच लिहावं. कारणं ठरलेली असतात. मोठे पुरस्कार इंग्रजीला मिळतात, देशी भाषेतलं पुस्तक अनुवादात मरतं, आणि देशी भाषेला आपल्या मुलखाबाहेर वाचकच नसतो. विशीतली लिहिती मुलं हे खरं मानून मराठी सोडताना दिसतात. म्हणून एकेका कारणाचा समाचार घ्यायला हवा.

आधी पुरस्कार. साहित्याचं नोबेल मिळवणारे कावाबाता (१९६८) आणि ओए (१९९४) जपानीत लिहीत. गाओ शिंगजियान (२०००) आणि मो यान (२०१२) चिनीतले, ओरहान पामुक (२००६) तुर्कीतले, हान कांग (२०२४) कोरियनमधल्या. काझुओ इशिगुरो (२०१७) यांचं नाव कोणी पुढे करील, पण ते लहानपणीच इंग्लंडला गेले आणि ब्रिटिश लेखक म्हणूनच घडले. आशियात राहून मूळ लेखनच इंग्रजीत करणाऱ्या एकाही आशियाई लेखकाला हा सन्मान अजून मिळालेला नाही.

‘मग टागोरांचं काय?’ हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. १९१३ च्या नोबेलमागे इंग्रजी ‘गीतांजली’ होती. मात्र त्या कविता आधी बांग्लात लिहिलेल्या होत्या आणि इंग्रजी गद्यरूप टागोरांनी स्वतः केलं होतं. म्हणजे हे उदाहरणही अनुवादाच्याच पारड्यात पडतं.

आंतरराष्ट्रीय बुकरचा दाखला मी जपून देईन, कारण तो पुरस्कार मुळात अनुवादित पुस्तकांसाठीच आहे. तरी २०१९ मध्ये ओमानच्या जोखा अल्हार्थी यांची अरबी कादंबरी, २०२२ मध्ये गीतांजली श्री यांची हिंदी कादंबरी आणि २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथा तिथवर गेल्या, हे विसरून चालणार नाही. शिवाय पुरस्काराचे ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. श्रेय कोणाचं किती, हे त्या वाटणीतच मान्य केलेलं आहे.

आता ‘अनुवादात पुस्तक मरतं’ याविषयी. अनुवादात काही सांडतं, हे कोण नाकारेल? हान कांग यांची ‘द व्हेजिटेरियन’ कोरियनमध्ये २००७ साली आली, डेबोरा स्मिथ यांचा इंग्रजी अनुवाद २०१५ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय बुकर त्याच्या पुढच्या वर्षी. अनुवादातल्या चुकांवरून कोरियात मोठा वाद झाला. चुका खऱ्या होत्या. पण त्या चुकांसकट ती कादंबरी वाचकांच्या मनात घुसली आणि हान कांग यांच्या इतर पुस्तकांसाठीही वाट झाली. पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. याच स्मिथ यांनी अनुवादित साहित्यासाठी ‘टिल्टेड ॲक्सिस’ ही छोटी प्रकाशन संस्था काढली, आणि गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजीत ब्रिटनमध्ये तिनेच आणली. कोरियन शिकलेल्या एका अनुवादिकेमुळे हिंदी कादंबरीला दार उघडलं. कोरियाच्या बाबतीत सरकारचा पैसाही होता. १९९६ पासून साहित्याच्या अनुवादाला बळ देणारी व्यवस्था तिथे उभी आहे. ती अनुवादक घडवते आणि परदेशी प्रकाशकांना साहाय्य देते. ‘कोरियन लोक जगभर वाचले जातात, आपण का नाही?’ असं हळहळणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

इंग्रजीत लिहिलं की पुस्तक आपोआप दूर जातं, हेही या दाव्यात गृहीत धरलेलं असतं. कवी अरुण कोलटकर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहीत. त्यांची इंग्रजी ‘जेजुरी’ १९७६ ची, तिला १९७७ चा कॉमनवेल्थ काव्य पुरस्कारही मिळाला. तरी न्यूयॉर्कच्या एका नामांकित मालेत ती आली २००५ मध्ये, कोलटकर गेल्यानंतरच्या वर्षी. इतक्या मोठ्या कवीला इंग्रजीनेही ताटकळत ठेवलं.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते तिसरं कारण, मुलखाबाहेर वाचक नसल्याचं. हे म्हणणाऱ्याच्या मनातलं ‘जग’ लंडन-न्यूयॉर्कपुरतं असतं. वि. स. खांडेकर तमिळ घराघरांत वाचले गेले, ते का. श्री. श्री. यांच्या अनुवादांमुळे, गुजरातीत त्यांना गोपाळराव विद्वांस यांनी नेलं. मामा वरेरकरांनी बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र मराठीत आणले आणि कित्येक वाचकांना ते आपल्याच घरातले वाटू लागले. एस. एल. भैरप्पा यांच्या कादंबऱ्या उमा कुलकर्णी यांनी कन्नडातून मराठीत आणल्या, आणि त्यांचा मराठी वाचक किती मोठा आहे हे कोणत्याही ग्रंथालयात विचारा. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला भैरप्पा वाचायला इंग्रजीची वाट वाकडी करावी लागली नाही. साने गुरुजींच्या आंतरभारतीमागे हीच आस होती : भारतीय भाषांनी एकमेकींशी थेट बोलावं. तमिळनाडूतला वाचक जगात मोजायचा नाही, असं कोणी ठरवलं?

इंडोनेशियाचे कादंबरीकार प्रामूद्या अनंता तूर यांचंही नाव घ्यायला हवं. बुरू बेटावरच्या बंदिवासात लिहायला मनाई होती, तेव्हा त्यांनी आपली कथा सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितली. पुढे ती इंडोनेशियन भाषेत छापली गेली आणि सरकारने तिच्यावर बंदीही घातली. त्या भाषेतले वाचक क्षुल्लक असते तर बंदीची तसदी कोणी घेतली असती?

या दाव्यात तथ्य आहे ते एवढंच : आज युरोप-अमेरिकेकडे जाणारी मुख्य वाट इंग्रजी अनुवादातून जाते, आणि मराठीतून तिकडे फार थोडी पुस्तकं जातात. त्याचं कारण मात्र लेखकाच्या भाषेत शोधू नये. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं आणि मराठी आत्मकथनाचा चेहरा बदलून गेलं. जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१५ मध्ये आला. पवार १९९६ मध्येच गेले होते. ही सदतीस वर्षं भरून काढणं नव्या लेखकाच्या हातात नाही; प्रकाशक, विद्यापीठं आणि राज्य सरकारच्या साहित्य संस्थांच्या हातात आहे. अनुवादकाला जगता येईल असं मानधन, मुखपृष्ठावर त्याचं नाव, मानधनाबरोबर विक्रीतला वाटा, आणि परदेशी प्रकाशकाला दाखवायला प्रत्येक चांगल्या पुस्तकाची अनुवादित नमुना प्रकरणं, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. मराठीतून इंग्रजीत आणि मराठीतून तमिळ-बांग्ला-मल्याळममध्ये, दोन्हीकडे.