फायबर घेतलं, डबा बदलला, झालं? नाही हो!

‘एडीएसएल सोडून फायबर घेताय? घाबरू नका. जुना राउटर काढा, कंपनीने दिलेला डबा लावा, पाच मिनिटांचं काम आहे. फायबर प्रकाशाच्या वेगाने चालतं, बाकी काही बदलावं लागत नाही. सेटिंग्ज आपोआप येतात. जुनी लाइन त्याच दिवशी बंद करून टाका, फायबर कधीच बंद पडत नाही.’

अशा आशयाचा मेसेज तुम्हालाही आला असेल. (एडीएसएल म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं इंटरनेट, फायबर म्हणजे काचेच्या धाग्यातून प्रकाशाने येणारं.) घरच्या कनेक्शनपुरता तो फारसा चुकीचा नाही. घरात वायफायचा नवा पासवर्ड चार मोबाइलमध्ये टाकला की विषय संपतो. ऑफिसचा राउटर मात्र नुसतं इंटरनेट वाटत नसतो. शाखांमधलं व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खासगी, बंदिस्त रस्ता), बाहेरून बघायचे कॅमेरे, हिशेबाचा सर्व्हर, नेटवर्कवर चालणारे आयपी फोन, पाहुण्यांचं वेगळं वायफाय, सगळं त्याच्याच गळ्यात असतं. आणि त्यातल्या अर्ध्या गोष्टी कुणी, कधी, का टाकल्या हे आता कुणालाच आठवत नसतं. तेव्हा एकेक वाक्य घेऊ.

‘फायबर प्रकाशाच्या वेगाने चालतं’

निर्वातात प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, काचेत तो सुमारे २ लाखांवर येतो. गंमत म्हणजे तांब्याच्या तारेतला विद्युत संकेतही साधारण त्याच वेगाने धावतो. फरक धावण्याचा नाही, एका वेळी किती माहिती मावते याचा आहे. एडीएसएल२+ टेलिफोनच्या तारेवर जेमतेम २.२ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरतं. त्यातून कागदावर २४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) डाउनलोड मिळतो, तोही एक्स्चेंज हाकेच्या अंतरावर असेल तर. चार-पाच किलोमीटरवर तोच आकडा घसरत दोन-तीनवर येतो. फायबरच्या जीपॉन या प्रचलित पद्धतीत एका धाग्यावरून २.४८८ जीबीपीएस (१ जीबीपीएस म्हणजे १००० एमबीपीएस) खाली आणि १.२४४ जीबीपीएस वर जातात, तेही २० किलोमीटरपर्यंत. हा धागा ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटलेला असू शकतो, हे जाहिरातीत सांगत नाहीत एवढंच.

व्यवसायाची खरी कमाई डाउनलोडमध्ये नाहीच, ती अपलोडमध्ये आहे. एडीएसएलचा अपलोड साधारण एक-सव्वा एमबीपीएसवर अडकलेला असतो. १० जीबीचा बॅकअप १ एमबीपीएसने वर चढवायला २२ तास लागतात. १०० एमबीपीएसने तेच काम १४ मिनिटांच्या आत उरकतं. कुणी मोठी फाइल पाठवायला घेतली की बाकीच्यांचे व्हिडिओ कॉल का अडखळायचे, तेही यातच आलं. पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) कमी होतो हे खरं, पण त्याचं श्रेय प्रकाशाला नाही. तारेवरच्या गोंगाटाने होणाऱ्या चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून एडीएसएलमध्ये माहितीचे तुकडे मागेपुढे करून पाठवतात. याला इंटरलिव्हिंग म्हणतात. त्यातच काही मिलिसेकंद, कधीकधी वीस-तीसही, खर्ची पडतात.

‘बाकी काही बदलावं लागत नाही’

माझं खरं भांडण या वाक्याशी आहे. एडीएसएलच्या काळात बाहेरची लाइनच इतकी अरुंद असते की आतले दोष झाकून जातात. फायबर आलं की अडथळा बाहेरून ऑफिसात सरकतो.

नेहमीचं उदाहरण. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे आणि स्पीड टेस्ट ९४ च्या आसपास अडकते. सकाळी ९४, रात्री ९४. कंपनीच्या नावाने बोटं मोडण्याआधी हा आकडा ओळखा. १०० एमबीपीएसच्या इथरनेट पोर्टमधून (नेटवर्कची केबल लावायच्या खाचेतून) पॅकेटांची, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्यांची, वेष्टनं वजा जाता हातात उरतं ते एवढंच. म्हणजे वाटेत कुठेतरी १०० चा पोर्ट बसलाय: जुन्या राउटरचा, टेबलाखालच्या विसरलेल्या स्विचचा (एका नेटवर्क केबलच्या अनेक करणारा डबा), नाहीतर आयपी फोनचा, कारण बऱ्याच ऑफिसांत संगणकाची केबल फोनमधूनच गेलेली असते.

हे सगळं गिगाबिटचं (१००० एमबीपीएसचं) असूनही ९४ च येत असेल, तर केबल बघा. १०० एमबीपीएसला केबलमधल्या दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार केबलच्या आरजे-४५ या प्लगच्या टोकात नीट बसली नसेल, तर एडीएसएलवर ते कधीच कळत नाही. फायबर आल्यावरही तक्रार करणारं काही दिसत नाही, पोर्ट फक्त मुकाट १०० वर उतरतो. टोक कापून नव्याने क्रिंप करायचं (नवा प्लग दाबून बसवायचा), बस. कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, त्यामुळे ‘सगळं वायरिंग उखडा’ असं कुणी सांगितलं तर आधी टोकं तपासून घ्या.

मग येतो राउटरचा प्रोसेसर. १५-२० एमबीपीएस हाताळण्यासाठी बनवलेल्या यंत्राला शेकडो एमबीपीएसचं नॅट (बाहेरच्या एका पत्त्यावर आतली सगळी यंत्रं चालवणं), फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारा पहारा) आणि पीपीपीओई (नाव-पासवर्डने लाइनवर लॉगिन करायची पद्धत) एकदम झेपत नाही. नवे राउटर यातलं बरंच काम हार्डवेअरवर सोपवतात, म्हणून खोक्यावर मोठे आकडे छापता येतात. मात्र वापरकर्त्यानुसार वेगाची वाटणी किंवा साइट फिल्टरिंग सुरू केलं, की अनेक राउटरांत ही सोय बंद होते आणि सगळा भार पुन्हा प्रोसेसरवर येतो. राउटर घेताना खोक्यावरचा वायफायचा आकडा सोडा. नॅट चालू असताना किती वेग आणि आयपीसेक या प्रकारच्या व्हीपीएनवर किती, हे दोन आकडे माहितीपत्रकात शोधा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच कमी निघतो. शाखा जोडायच्या असतील तर तुमच्या कामाचा तोच.

‘फायबर राउटर’ या लेबललाही भुलू नका. काचेचा धागा ओएनटी नावाच्या डब्यात येऊन थांबतो आणि तिथून पुढे साधी इथरनेट केबल निघते. इथरनेटचा वॅन (बाहेरच्या लाइनचा) पोर्ट असलेला कुठलाही दमदार राउटर तिथे चालतो. तुमच्या जुन्या एडीएसएल राउटरमध्ये एखादा लॅन (आतल्या नेटवर्कचा) पोर्ट वॅन म्हणून वापरायची सोय असेल, तर तोही काही दिवस चालवता येतो. आणि काही ठिकाणी ‘फायबर’ म्हणून विकलेलं कनेक्शन रस्त्यावरच्या कॅबिनेटपर्यंतच फायबर असतं, पुढे तांबंच. तिथे त्या तांब्यासाठी व्हीडीएसएल (एडीएसएलचं वेगवान भावंड) मोडेम लागतो. ऑर्डर देण्याआधी एकच विचारा: काच माझ्या ऑफिसात येणार की नाही?

‘सेटिंग्ज आपोआप येतात’

कंपनीच्या डब्यात कंपनीच्या सेटिंग्ज येतात. तुमच्या नाही. जुन्या राउटरचा बॅकअप दुसऱ्या बनावटीच्या राउटरमध्ये बहुधा चढतच नाही. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती आतल्या ठरावीक यंत्राकडे धाडणं), डीएचसीपीत (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) राखून ठेवलेले पत्ते, व्हीपीएनच्या किल्ल्या, व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे केलेले वेगळे कप्पे), सगळं आधी लिहून काढावं लागतं. तेवढ्यानेच पाच मिनिटं संपतात.

त्याहून त्रासदायक म्हणजे दुहेरी नॅट. कंपनीचा डबा बहुधा ओएनटी आणि राउटर एकत्रच असतो, त्यामागे तुम्ही तुमचा लावला की एकामागे एक दोन भिंती उभ्या राहतात. आतून सगळं सुरळीत दिसतं, बाहेरून मात्र कॅमेरा दिसत नाही आणि व्हीपीएन जोडत नाही. कंपनीला डबा ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम सोडून लाइन सरळ पुढे देणारा) टाकायला सांगा, आणि लाइनला व्हीलॅन टॅग लागतो का, लॉगिन पीपीपीओईने की डीएचसीपीने, हे त्याच फोनवर विचारून घ्या. एवढं करूनही राउटरच्या वॅनवर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने तरी सुरू होणारा पत्ता दिसला, तर तुम्ही कंपनीच्या सामायिक नॅटमागे आहात. तिथे तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग कितीही बिनचूक असो, उपयोग शून्य. स्टॅटिक आयपी (न बदलणारा, फक्त तुमचा इंटरनेटवरचा पत्ता) घ्यावाच लागेल.

तो नवा आयपी जुन्यापेक्षा वेगळा असेल, हे गृहीत धरूनच चाला. समोरच्या शाखेचा व्हीपीएन, तुमचा जुना पत्ता यादीत असलेली बँक किंवा सॉफ्टवेअर कंपनी, डीएनएसच्या (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या) नोंदी, मेल सर्व्हर स्वतःचा असल्यास एसपीएफ आणि रिव्हर्स डीएनएस (मेल खरंच तुमच्याकडूनच आला हे पटवणाऱ्या नोंदी), सगळीकडे बदल करावा लागतो. डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) दोन दिवस आधीच पाच-दहा मिनिटांवर आणून ठेवलात, तर बदलाच्या दिवशी निम्मे फोन कमी येतील.

अजून एक बारीक काटा. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट स्वतःसाठी घेतं, म्हणून १५०० चा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) १४९२ होतो. जुनी लाइन पीपीपीओएवर (एडीएसएलची दुसरी लॉगिन पद्धत) असेल तर हा प्रश्न तुम्हाला भेटलेलाच नसतो. लक्षणं चक्रावणारी असतात: पिंग व्यवस्थित, हलकी पानं उघडतात, पण एखादी ठरावीक साइट अर्ध्यात लटकते किंवा व्हीपीएनवरून फाइल उघडायला गेलं की सगळं गोठतं. राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (एका पॅकेटमध्ये किती माहिती भरायची यावर मर्यादा घालणारी सोय) चालू करा, म्हणजे टीसीपीचा, म्हणजे माहिती पोहोचवायच्या नेहमीच्या पद्धतीचा, आकडा १४५२ वर बसतो.

रिमोट मॅनेजमेंट (दुरून राउटरच्या सेटिंग्ज बदलायची सोय) बाहेरच्या जगाला उघडं नाही ना, हेही त्याच बैठकीत पाहून घ्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली, ती राउटरच्या याच दारावर झालेल्या हल्ल्यामुळे.

‘फायबर कधीच बंद पडत नाही’

तांब्यापेक्षा ते कमी बिघडतं, हे मान्य. पावसाचं पाणी जोडात शिरून होणारी खरखर नाही, विजेच्या तारांचा उपद्रव नाही. पण खोदकामाच्या यंत्रापुढे काच आणि तांबं सारखंच. कपाटामागे धागा करकचून वळवला की प्रकाश गळतो. जोडणीच्या टोकाला बोट लागलं तरी पुरे, कारण प्रकाश जातो तो गाभा अवघा ९ मायक्रॉनचा असतो. शिवाय तांब्याच्या लाइनवरचा साधा फोन एक्स्चेंजच्या विजेवर चालायचा. ओएनटीला तुमची वीज लागते, म्हणजे राउटर यूपीएसवर आणि ओएनटी भिंतीच्या सॉकेटवर असेल तर यूपीएस असून नसल्यासारखा.

म्हणून निदान महिनाभर दोन्ही लाइन चालू ठेवा आणि दोन वॅनच्या राउटरवर एडीएसएल पर्यायी लावा. इथे एक फसगत होते. बाहेर फायबर तुटलं की ओएनटीवर एलओएसचा (‘प्रकाश येत नाही’ सांगणारा) लाल दिवा लागतो, पण ओएनटी ते राउटर ही इथरनेट केबल शाबूत असते. राउटरला पोर्ट जिवंत दिसतो, आणि निव्वळ पोर्टवर विसंबणारा राउटर पर्यायी लाइनवर जातच नाही. त्याला बाहेरचा एखादा पत्ता सतत पिंग करून तपासायला लावा, एक नव्हे दोन पत्ते द्या. मग कामाची वेळ संपल्यावर ओएनटीतून फायबरचं हिरवं टोक काढून लगेच टोपण लावा (आत डोकावू नका, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही) आणि राउटर किती सेकंदांत वळतो ते मोजा.

राहता राहिली जुनी लाइन. तिच्यावर इंटरनेटखेरीज काय काय लटकलंय ते इमारतभर फिरून बघा: फॅक्स, चोरीच्या अलार्मचं पॅनेल, लिफ्टमधला आणीबाणीचा फोन, कार्ड स्वाइप करायचं जुनं मशीन. ग्राहकांच्या तोंडी बसलेला फोन नंबर लाइनबरोबर कायमचा जाऊ शकतो, म्हणून तो आधी नव्या सेवेवर हलवून घ्या. अलार्म वाजवून आणि लिफ्टमधून फोन लावून पाहिला, की मग लाइन बंद करायचा अर्ज द्या.