‘बलाट्रो’ म्हणजे कॅसिनो नव्हे: एका दाव्याचा प्रतिवाद

गोव्यातील पालकांच्या गटांतून एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: ‘बलाट्रो’, ‘लक बी अ लँडलॉर्ड’, ‘क्लोव्हरपिट’ यांसारखे नवे व्हिडिओ गेम हे मांडवी नदीतील कॅसिनोंचे मोबाइलवरचे रूप आहे, त्यांत सगळा नशिबाचा कारभार असतो, मुलांना लहानपणीच सवय लागावी म्हणून जुगारवाल्यांनीच ते काढले आहेत, युरोपने त्यांच्यावर बंदी घातली आहे, तेव्हा आपल्या सरकारनेही घालावी.

या मजकुरामागची भीती मला पूर्णपणे समजते. 1976 च्या सार्वजनिक जुगार कायद्यात 1992 आणि 1996 मध्ये दुरुस्त्या करून या राज्याने आधी पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि नंतर जहाजांवरील जुगाराला वाट करून दिली, आणि अखेर 2020 मध्ये खुद्द गोमंतकीयांनाच कॅसिनोत प्रवेशबंदी करण्याची वेळ सरकारवर आली. अशा ठिकाणी आईबापांनी मुलाच्या पडद्यावर पत्ते आणि चिप्स पाहून दचकावे, यात नवल काहीच नाही. परंतु मजकुरातील विधाने एकेक करून तपासली, तर त्यांतील जवळजवळ एकही टिकत नाही.

‘हा जुगार आहे’ हे पहिले विधान. जुगारात काहीतरी पणाला लागते आणि जिंकल्यास काहीतरी हाती येते. या दोन्ही गोष्टी ‘बलाट्रो’त नाहीत. खेळाडू एकदाच किंमत मोजून खेळ विकत घेतो. नंतर आत कोणतीही खरेदी नसते, इंटरनेटचीही गरज लागत नाही, आणि खेळातले डॉलर खऱ्या पैशांनी विकत घेता येत नाहीत की खऱ्या पैशांत वटवताही येत नाहीत. हाती आठ पाने येतात. त्यांतील जास्तीत जास्त पाच टाकून मेळ जमवायचा असतो. साध्या जोडीला मुळात 10 गुण आणि 2 चा गुणक मिळतो, तर पाचही पाने बदामची किंवा पाचही इस्पिकची असतील तर 35 गुण आणि 4 चा गुणक. त्यात टाकलेल्या पानांचे गुण मिळवायचे आणि मग गुणाकार करायचा. पहिले लक्ष्य 300 गुणांचे असते. आठव्या टप्प्याच्या शेवटी ते बहुधा एक लाखावर पोचते, आणि तिथवर जाण्यासाठी 150 जोकरांपैकी (गुण वाढवणाऱ्या खास पानांपैकी) कोणते जोकर एकमेकांना पूरक ठरतील याचा हिशेब सतत करावा लागतो, कारण साधारणपणे एका वेळी पाचच जोकर जवळ ठेवता येतात. हरल्यास वाया जातो तो खेळाडूचा वेळ.

2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने हाच भेद केंद्रस्थानी ठेवला आहे. पैसे किंवा अन्य पण लावून, त्या बदल्यात पैशांचा वा तत्सम लाभ होईल या अपेक्षेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरवला, आणि तो कौशल्याचा आहे की नशिबाचा हा प्रश्नच गैरलागू केला. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले होते, आणि त्याच आधारावर पैशांची रमी वर्षानुवर्षे मोबाइलवर राजरोस चालली होती. आता कसोटी पैशांची आहे. चवथीला घरी जमलेले पाहुणे मेंढीकोट खेळतात आणि जत्रेच्या आडोशाला तीनपत्ती चालते. पत्ते दोन्हीकडे तेच बावन्न असतात, तरी या दोहोंत गल्लत कोणी करत नाही.

‘सगळे नशिबावर’ हे दुसरे विधान खेळ न पाहता केलेले दिसते. पाने कोणती येणार हे हातात नसते, हे खरे. पण गड्डीत कोणती पाने उरली आहेत हे खेळाडूला केव्हाही उघडून पाहता येते, नको ती पाने टाकून नवी घेता येतात, आणि मुळात ती गड्डीच डावागणिक बदलत नेता येते: काही पाने काढून टाकायची, काहींचा प्रकार बदलायचा, काहींची संख्या वाढवायची. कॅसिनोतील यंत्रात शक्यता मालकाने ठरवलेली असते आणि ती दीर्घकाळात त्याच्याच बाजूने झुकते. ‘क्लोव्हरपिट’मध्ये पडद्यावर प्रत्यक्ष स्लॉट यंत्रच असते, तेव्हा त्याचे दृश्यरूप पालकांना सर्वाधिक खटकेल, मात्र त्या खेळाचा गाभा ताईत जमवून यंत्राच्या शक्यताच मोडून काढण्याचा आहे. ‘स्ले द स्पायर’ या याच कुळातील, पत्त्यांनी लढायच्या खेळात शत्रू पुढच्या चालीत काय करणार हे आधीच दाखवलेले असते, आणि कसलेले खेळाडू त्याच्या सर्वात कठीण पातळीवरही लागोपाठ अनेक डाव जिंकतात. केवळ नशिबाच्या खेळात असे घडत नाही.

‘जुगारवाल्यांनी काढले’ या आरोपाला या प्रकारच्या खेळांचा इतिहासच उत्तर देतो. हरल्यावर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचा आणि दर वेळी नवी मांडणी मिळायची, ही पद्धत 1980 च्या ‘रोग’ या खेळापासून चालत आली. खेळता खेळता स्वतःची गड्डी उभारण्याची कल्पना डोनाल्ड व्हॅकरिनो यांच्या ‘डोमिनियन’ या 2008 च्या टेबलावरच्या खेळाने रुजवली. अँथनी जिओव्हानेट्टी आणि केसी यानो या दोघांनी ‘स्ले द स्पायर’मध्ये या दोन्ही धारा एकत्र आणल्या, तो 2017 च्या अखेरीस अपूर्णावस्थेत आणि 2019 मध्ये पूर्ण होऊन आला, आणि त्यानंतर या प्रकाराच्या खेळांचा ओघ सुरू झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेला ‘बलाट्रो’ हा ‘लोकलथंक’ या टोपणनावाने वावरणाऱ्या एका कॅनेडियन माणसाने एकट्याने घडवला. ‘बिग टू’ हा पत्त्यांचा चिनी खेळ आणि ‘लक बी अ लँडलॉर्ड’ ही त्याची प्रेरणास्थाने होती. आपली ही निर्मिती कोणत्याही जुगार कंपनीला कधीही विकली वा वापरायला दिली जाऊ नये, अशी अट त्याने आपल्या मृत्युपत्रात घातल्याचे जाहीरपणे सांगितले आहे.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. याच काळात दुसरा एक उपप्रकार गाजवणाऱ्या ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’चा निर्माता लुका गलान्ते पूर्वी जुगार उद्योगात प्रोग्रॅमर होता, आणि त्यातील पेटी उघडतानाची रोषणाई पाहिली की ते लक्षात येते. लखलखाट, नाद आणि ‘अजून एकच डाव’ ही ओढ या सर्व खेळांत आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत घरी त्यावर वेळेची मर्यादा घालणे रास्तच आहे.

युरोपातील बंदीचे विधान अर्धवट बातमीवर उभे आहे. पेगी ही तेथील वयोगट ठरवणारी व्यवस्था आहे. ‘बलाट्रो’चे मानांकन तिने 2024 मध्ये 3 वरून थेट 18 वर नेले, त्यामुळे काही दुकानांतून तो तात्पुरता हटवला गेला. त्यावर अपील झाले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये मानांकन 12 वर आले; खेळात पोकर या पत्त्यांच्या जुगारातील मेळांची माहिती असली तरी त्यातील काल्पनिक घटकांमुळे तिची तीव्रता कमी होते, असा तो निर्णय होता. ‘लक बी अ लँडलॉर्ड’लाही तोच न्याय मिळाला. हा उत्तरार्ध मजकुरात कुठेही नाही.

बंदीच्या मागणीने मला सर्वाधिक अस्वस्थ केले, कारण तिचा रोख चुकीच्या जागी आहे. ‘बलाट्रो’वर 18 चा शिक्का होता त्याच काळात ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या फुटबॉलच्या खेळाला 3 चे मानांकन होते, आणि त्यात खरे पैसे देऊन बंद पाकिटे घेता येतात, ज्यांत कोणता खेळाडू निघेल हे उघडेपर्यंत कळत नाही. लोकलथंकने ही विसंगती तेव्हाच बोलून दाखवली होती. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 मध्ये अशी पाकिटे जुगारच ठरवली आणि पुढच्या वर्षी हा फुटबॉलचा खेळ काढणाऱ्या ‘ईए’ कंपनीने तेथे त्यासाठीच्या नाण्यांची विक्री थांबवली. फुटबॉल गोव्याच्या घराघरांत आहे. पडद्यावर मेस्सी दिसला तर इथले कोणतेही पालक दचकणार नाहीत. सरकारला निवेदन द्यायचेच असेल, तर ते अल्पवयीनांना अशी पाकिटे विकणे थांबवावे आणि इतरांसाठी आत काय निघण्याची किती शक्यता आहे हे खरेदीच्या बटणाशेजारीच छापणे सक्तीचे करावे, यासाठी द्यावे.