कॅमेरा फिरवू नका हो, डोळा सरकवा!

‘केव्ह’ म्हणजे भिंतींवर चित्र पाडून माणसाला आभासी जगात उभं करणारी घनाकार खोली. तिच्या प्रत्येक भिंतीला सॉफ्टवेअरमधला नव्वद अंशांचा कॅमेरा लावला की झालं, हे कोण शिकवतं ती बनवणाऱ्या लोकांना? ते गणित जुळतं फक्त बघणारा घनाच्या बरोबर मध्यभागी पुतळ्यासारखा उभा राहिला तर! मग हेड ट्रॅकिंग, म्हणजे बघणाऱ्याचं डोकं कुठे आहे ते टिपणं, काय शोभेला लावलंय? माणूस पाऊलभर डावीकडे सरकला की चित्रातल्या टेबलाची सरळ कड दोन भिंतींच्या सांध्यावर काडकन मोडते. त्यावर उपाय काय, तर ‘फील्ड ऑफ व्ह्यू (कॅमेऱ्याचा दृश्यकोन) जरा वाढवून बघ’. अहो, डोळा भिंतीच्या मध्यासमोर नसेल तर फ्रस्टम, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारा छाटलेल्या पिरॅमिडसारखा भाग, तिरकाच हवा! भिंतीचे तीन कोपरे आणि डोळ्याची जागा, एवढंच लागतं. पहिली ‘केव्ह’ लोकांनी १९९२ साली पाहिली, गणित तेव्हापासून तेच आहे. पण नाही. डोक्याची जागा सांगणारा ट्रॅकर मिलिमीटरमध्ये बोलणार, चित्र काढणारं इंजिन मीटरमध्ये. एकाचा वाय अक्ष वर, दुसऱ्याचा झेड. कॅमेरा डोक्याबरोबर फिरवायचा नसतो, त्याने भिंतीकडे काटकोनातच बघायचं असतं, हे किती वेळा घसा फोडून सांगायचं? आणि एवढं सगळं जुळवलं, की कुणीतरी महाभाग डाव्या-उजव्या डोळ्यांची चित्रं उलटी जोडणार, आणि वर आपल्यालाच विचारणार, ‘इथे उभं राहिलं की डोकं का दुखतं?’