शुल्कमाफी आमच्यापर्यंत पोचलीच नाही

तुमच्या लेखात लिबरल आर्ट्सला, म्हणजे वेगवेगळ्या शाखांचे विषय एकत्र घेऊन करायच्या पदवीला, ‘पैसेवाल्यांच्या पोरांचे लाड’ म्हटलंय. अर्धं पटलं. माझी मुलगी पुण्यातल्याच एका खासगी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. फी वर्षाला साडेचार लाख. आम्ही कोथरूडचे, म्हणून होस्टेल वाचलं, डबा घरचा. वर्गात चाळीस जण, त्यात मुली तीस, मराठी बोलणारे मोजून पाच. पहिल्या महिन्यात कॅफेचं बिल वाटून भरलं, हिच्या वाट्याला सहाशे! घरी येऊन म्हणाली, "आई, मी आता उपास सांगत जाऊ का?"

पगाराचं म्हणाल तर तिच्या सीनियरला महिना तीस हजार पगारावर घेतलं. पण हिंजवडीत माझ्या इंजिनियर भाच्याचीही सुरुवात जवळपास तेवढ्यावरच झाली, त्याला कुणी लाड म्हणत नाही.

लेखात एक मुद्दा राहिला. जुलै २०२४ पासून राज्याने ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी दिली. पण ती व्यावसायिक कोर्सेसना. खासगी आणि अभिमत विद्यापीठं त्यातून वगळलेली. मग वर्गात कोण दिसणार? फर्ग्युसनसारख्या अनुदानित कॉलेजात बी.ए. कितीतरी स्वस्त, पण लेकीला मानसशास्त्राबरोबर डेटा सायन्स हवं होतं. पदवीच्या चौथ्या, ऐच्छिक ऑनर्स वर्षाचं अजून ठरत नाहीये, एफडी मोडावी लागेल.