आधी त्यांच्या भाषेत बोला, मग छापा

2025च्या 16 एप्रिलला पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करणारा शासन निर्णय निघाला, महाराष्ट्रात गदारोळ झाला आणि 29 जूनला सरकारने तो मागे घेतला. इथे ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरांतही त्या दिवसांत हाच विषय होता. लहान मुलाशी त्याच्या भाषेत बोला, हा आपला मुद्दा होता आणि तो पूर्ण बरोबर होता. माझं म्हणणं एवढंच, की तोच मुद्दा मेळघाटातल्या कोरकू बाईच्या आणि भामरागडच्या माडिया बाईच्या बाजूनेही तितक्याच जोरात मांडायला हवा. त्यांच्या उपकेंद्राच्या भिंतीवर आरोग्याची माहिती लागते ती मराठीत, तीही सरकारी मराठीत.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत आणि मध्य वाळवंटात हाच घोळ बरीच वर्षं चालला. इंग्रज आले तेव्हा या खंडात 250हून अधिक भाषा होत्या. आजही उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधल्या योल्ङु या मूळ रहिवासी समाजातल्या माणसाला इंग्रजी ही तिसरी किंवा चौथी भाषा असते. तरी माहितीपत्रकं इंग्रजीतच निघायची. डार्विनमधल्या मूत्रपिंडाच्या योल्ङु रुग्णांशी डॉक्टर-नर्सचं जे बोलणं होतं, त्याचा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. दोन्ही बाजूंचे गैरसमज किती खोल आहेत आणि ते कुणाच्या लक्षातही कसे येत नाहीत, हे त्यात स्पष्ट दिसलं. त्यामागचं एक कारण आपल्यालाही ओळखीचं आहे. समोरच्या मोठ्या माणसाचा मान राखायचा म्हणून रुग्ण प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतो. त्यामुळे ‘समजलं ना?’ हा प्रश्न अगदी कुचकामी ठरतो. ‘आता घरी गेल्यावर आजीला हे कसं सांगशील?’ असं विचारलं की खरं काय ते कळतं.

संधिवाताच्या तापाचं उदाहरण घेऊ. स्ट्रेप ए जंतूमुळे मुलाचा घसा येतो किंवा अंगावर पुवाच्या पुळ्या उठतात, मग सांधे सुजतात, आणि असं पुन्हा पुन्हा झालं की हृदयाच्या झडपा खराब होतात. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ गेला, पण ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या दुर्गम अ‍ॅबोरिजिनल वस्त्यांत अजून आहे. उपाय म्हणजे बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, 28 दिवसांच्या आत पुढचं. वजन 20 किलो किंवा जास्त असेल तर 12 लाख युनिट, कमी असेल तर 6 लाख. ताप येऊन गेल्यावर किमान 5 वर्षं किंवा वयाच्या 21व्या वर्षापर्यंत, यातलं जे उशिरा येईल तोवर घ्यायचं. झडप खराब असेल तर त्याहूनही पुढे.

दहा वर्षांच्या पोराला हे पटवायचं आहे, कारण सुई खूप दुखते. म्हणून चांगल्या साहित्यात ‘इंजेक्शन घ्या’ एवढ्यावर भागत नाही. औषध फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, टोचायच्या जागी अंगठ्याने 10 सेकंद दाबून धरायचं, मग 2-3 मिनिटं लावून सावकाश सोडायचं, हे त्यात चित्रांनी दाखवलेलं असतं. ही पानं नर्ससाठी जेवढी असतात तेवढीच मुलासाठीही, म्हणजे नर्स घाई करू लागली तर मूल तिला थांबवू शकतं. आपल्याकडे मात्र हेच औषध बहुधा पावडरच्या कुपीत येतं, पाणी घालून विरघळवावं लागतं आणि नीट मिसळलं नाही तर सुई तुंबते. इथे ते सिरिंजमध्ये भरूनच येतं, म्हणून इथलं पुस्तक जसंच्या तसं मराठीत आणलं तर नेमकी तीच पायरी गळून पडेल.

स्थानिक रीतीला धरून आहे एवढ्यावरच एखादी कल्पना उचलू नये, याचाही धडा इथे आहे. नॉर्दर्न टेरिटरीत इंजेक्शनची आठवण पौर्णिमेला जोडून पाहिली गेली. कल्पना सुरेख, चंद्र सगळ्यांना दिसतो. पण तिथीचा हिशेब ठाऊक असलेल्या माणसाला अडचण लगेच कळेल. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा आणि इंजेक्शनची मुदत 28 दिवसांची. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी बोलावलं तरी दोन इंजेक्शनांमधलं अंतर तेवढंच राहतं. चंद्राने आठवण द्यावी, तारीख मात्र मागच्या इंजेक्शनपासून मोजूनच काढावी लागते.

आता फ्लिपचार्ट, म्हणजे पानं उलटत रुग्णाला दाखवायचं चित्रांचं पुस्तक, कसा करतात ते सांगतो, कारण आपल्याकडे नेमकं इथेच बिनसतं. इंग्रजीत लिहून मग भाषांतर करायचं, असा क्रम नसतो. आधी वस्तीतल्या जाणत्या माणसांना आजार नीट समजावून सांगायचा, शरीरशास्त्रासकट, काही न लपवता. मग ते आपल्या भाषेत एकमेकांना तो कसा सांगतात ते रेकॉर्ड करायचं. मजकूर त्या रेकॉर्डिंगवरून बनतो. या कामात नसलेला दुसरा माणूस तो मजकूर परत इंग्रजीत सांगतो, आणि डॉक्टर पाहतो की अर्थ कुठे घसरला. या सगळ्या वेळाचे पैसे द्यायचे असतात. ज्ञान त्यांचं आणि मानधन फक्त चित्रकाराला, हे चालत नाही.

चित्रांत चुका फार होतात. खरजेचा किडा हाताएवढा काढला की लोक म्हणतात, असला प्राणी आमच्याकडे नाही. नुसतं कापलेलं हृदय दाखवलं तर ते कुणाचं, कुठलं, हे उमगत नाही, म्हणून आधी मूल, मग त्याच्या छातीत हृदय, मग झडप. मूळ रहिवाशांच्या चित्रकलेतली ठिपक्यांची नक्षी सगळीकडे चिकटवणं ही तर मोठी चूक आहे. ती मध्य वाळवंटातली. आर्नहेम लँडची रीत आडव्या-तिरप्या बारीक रेघांची, आणि प्रत्येक नक्षीवर कुठल्या ना कुठल्या कुळाचा हक्क असतो. बायकांच्या आजारांचं साहित्य पुरुषांसमोर उघडायचं नसतं. फोटोतली व्यक्ती वारली तर अनेक समाजांत तिचा चेहरा आणि नाव काही काळ समोर येऊ देत नाहीत, म्हणून फोटोऐवजी रेखाचित्रं वापरतात किंवा रिंग-बाइंडिंग करतात, म्हणजे एकच पान काढता येतं. चित्राची बाजू रुग्णाकडे, मजकुराची बाजू आरोग्यसेवकाकडे.

पण यातलं सगळं जमलं तरी घरातला नळ चालत नसेल तर पुस्तक फुकट. 1987 साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अनंगु या मूळ रहिवासी लोकांच्या नगानम्पा हेल्थ कौन्सिलने घरं आणि आरोग्य यांचा सांधा जोडून दाखवला. लहान मुलाला रोज अंघोळ घालता यावी, ही आरोग्यासाठी घरात जमायला हव्यात अशा नऊ गोष्टींच्या यादीतली पहिली. त्यासाठी गरम पाणी हवं, तोटी फिरायला हवी, मोरीतून पाणी वाहून जायला हवं. त्या धर्तीवर पुढे हजारो घरं तपासली गेली, तेव्हा बिघाड बहुतेक देखभाल न केल्यामुळे किंवा मुळातच वाईट बांधकामामुळे निघाले. राहणाऱ्यांनी मोडतोड केल्याचा वाटा दहात एकाहूनही कमी होता. म्हणजे ‘यांना स्वच्छता कळत नाही’ हा आरोप मोजमापापुढे टिकला नाही. उन्हाळ्यात मेळघाटातल्या गावांना टँकर लागतो आणि भिंतीवर हात धुण्याचं पोस्टर असतं. त्या पोस्टरने बाईला फक्त ओशाळं वाटतं.

आपल्याकडे हे कुणाला ठाऊक नाही असं अजिबात नाही. हेमलकशात 1973पासून माडिया शिकूनच दवाखाना चालला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं, 39 गावांत नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले आणि 1999 साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यातली बाळाच्या काळजीची पद्धत देशभरच्या आशाताईंच्या प्रशिक्षणात गेली. गावाच्या भाषेत, गावाकडून तपासून घेऊन बोलायची शिस्त मात्र छपाईच्या कामात उतरली नाही.

आत्ता ती उतरवायला हाताशी काम आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी 1 जुलै 2023ला सुरू झालेल्या मोहिमेत 7 कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठरलं, आणि नंदुरबार, गडचिरोली, अमरावतीत त्यानंतरचं समुपदेशन हाच कठीण भाग आहे. आईबाप दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून दोष पुढे देऊ शकत असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. हे सांगायला चार बाळं काढून त्यांतलं एक रंगवलं, की लोक समजतात चारांपैकी एकच आजारी होणार, पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली. त्यापेक्षा दोन वाट्या घ्या, आईची आणि बापाची. प्रत्येकीत एक लाल बी, एक पांढरी. डोळे मिटून दोन्हींतून एकेक उचलायची. दोन्ही लाल आल्या तर बाळाला आजार. मग बिया परत वाटीत टाकायच्या आणि पुढच्या बाळासाठी पुन्हा उचलायच्या. बिया परत टाकणं हीच महत्त्वाची पायरी, आणि छापील चित्रात तीच दाखवता येत नाही.

हे कोरकूत, भिलीत, माडियात कसं सांगायचं ते तिथल्या आशाताईच ठरवतील. त्यांना कामागणिक मोबदला मिळतो, म्हणून या दिवसांचे वेगळे पैसे मंजूर व्हायला हवेत. छपाईच्या निविदेतही गावातल्या चाचणीचं स्वतंत्र कलम हवं, आणि ती झाल्याशिवाय मसुदा छापखान्यात जाता कामा नये. आज चूक सापडते तेव्हा गठ्ठे तालुक्याला पोचलेले असतात.